बाबांच्या खोलीचा कोपरा

हार्डवेअरच्या दुकानात रंगारी खोळंबला होता. पुढे बहीणभाऊ नव्या जिप्सम भिंतींच्या कोपऱ्यांना लावायच्या पट्ट्यांवरून हुज्जत घालत होते.

“दादा, पत्र्याची नको. धार बघ तिची!”

“अगं, वर पुट्टी बसते. टोक राहतं, पण हात कापत नाही.”

“बाबांना दिसत नाही. भिंत चाचपत चालतात बिचारे. ही प्लास्टिकची गोल घे.”

“गोलच लावली होती मिस्त्रीनं. नमुना म्हणून, त्यांच्याच खोलीच्या कोपऱ्याला.”

“मग?”

“मग काय! हाताला वळण कळलंच नाही. बाबा सरळ स्वयंपाकघरात. ओट्याशी उभे राहून विचारतात, माझी खाट कुणी हलवली?”

रंगाऱ्यानं हातातला डबा खाली ठेवला.

“दादा, मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? मीही आधी हसलोच.”

दुकानदारानं विचारलं, “ताई, मग सगळ्या पत्र्याच्याच बांधू?”

“नको. सगळ्या गोलच द्या. पत्र्याची एकच.”

“एकच?”

“हो. सगळेच कोपरे टोकदार झाले, तर त्यांना त्यांचा कसा सापडणार?”