वगळलेले सात

स्वानंदी : काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. पार्सल नेणारा ड्रोन बसस्टॉपवर पडला, एका बाईंच्या डोक्यावर. एवढंच नक्की माहीत आहे, मावशी. बाकी सगळं कंपनी सांगतेय ते.

सुचित्रा : थांब, गाडीत जाऊन बसते. इथे लंचरूममध्ये सगळ्यांचे कान माझ्याकडे.

स्वानंदी : कॅरी गावातल्या तुमच्या अमेरिकन ऑफिसात मराठी कोणाला कळतंय?

सुचित्रा : शेजारच्या क्यूबिकलमध्ये नाशिकचा नकुल आलाय. हं, बोल. त्या बाई कशा आहेत?

स्वानंदी : आयसीयूत. शुद्धीवर नाहीत.

सुचित्रा : अरे देवा. पण तू ॲन आर्बरमध्ये बसून पीएचडी करतेस. तुझा काय संबंध?

स्वानंदी : कंपनीच्या पत्रकात माझं नाव आहे. एक माणूस एका वेळी सहा ड्रोनवर लक्ष ठेवू शकतो, असं संशोधनात दिसलंय म्हणे. ते संशोधन माझं. काल अलार्म दीड मिनिट वाजला, समोर बसलेल्या ऑपरेटरने बटण दाबलं नाही. म्हणून चूक त्याची. त्याला कालच घरी पाठवलं.

सुचित्रा : मग असेल त्याची चूक. दीड मिनिट म्हणजे थोडा वेळ आहे का!

स्वानंदी : झोप लागली असेल त्याला.

सुचित्रा : हे कोणी सांगितलं?

स्वानंदी : कोणी नाही. माझ्या प्रयोगात लागली होती. चाळीस विद्यार्थी. प्रत्येकाला दोन तास सहा ड्रोनच्या स्क्रीनसमोर बसवलं. दोन तास काहीच होत नाही, नुसते ठिपके सरकतात. सात जण झोपले.

सुचित्रा : आणि थिसिसमध्ये किती जण आहेत?

स्वानंदी : तेहतीस.

सुचित्रा : काढून टाकलेस?

स्वानंदी : परीक्षेचा आठवडा होता. पोरं रात्रभर जागून आलेली. बाहेर बर्फ, लॅबमध्ये हीटर. आम्हाला वाटलं, हे नुसते दमलेत, यात मोजण्यासारखं काही नाही. 'सूचना पाळल्या नाहीत' असा रकाना होता. त्यात टाकले.

सुचित्रा : आणि कंपनीतले ऑपरेटर काय आठ तास झोपून कामावर येतात? अगं, आमच्याकडे औषधाच्या ट्रायलमध्ये गोळ्या अर्ध्यावर सोडलेला माणूससुद्धा शेवटपर्यंत मोजतात. वीस वर्षं मी हेच तपासतेय. एकदा फोन करून विचारायचंस ना मला!

स्वानंदी : मागच्या दिवाळीत सांगायला लागले होते. तू म्हणालीस, जेवताना कामाचं नको.



सुचित्रा : त्या सात जणांचे व्हिडिओ असतील ना? दे ते अपघाताच्या चौकशीवाल्यांना.

स्वानंदी : नाहीत. ज्यांचा डेटा वापरायचा नाही, त्यांची नावं आणि रेकॉर्डिंग सहा महिन्यांत पुसायचं, असा एथिक्स कमिटीचा नियम. मीच पुसलं. पुसल्याच्या फॉर्मवर सहीसुद्धा माझीच.

सुचित्रा : प्रोफेसर काय म्हणतात?

स्वानंदी : पद्धत मंजूर झालेली होती, म्हणाले. गुरुवारी परीक्षकांच्या कमिटीपुढे थिसिसची तोंडी परीक्षा, डिफेन्स आहे, तोपर्यंत कोणाशी बोलू नकोस.

सुचित्रा : बरोबर आहे त्यांचं. सहा वर्षं घातलीस. डिग्री हातात येऊ दे, व्हिसाचं मार्गी लागू दे, मग बघू काय ते.

स्वानंदी : मी सकाळी नऊ वाजता चौकशी अधिकाऱ्यांना मेल केली. चाळीसातले सात झोपले होते, असं लिहिलं. प्रोफेसरांना कॉपी ठेवून.

सुचित्रा : अगं बाई! आधी विचारायचंस तरी.

स्वानंदी : तू नको म्हणाली असतीस.

सुचित्रा : म्हणालेच असते. काय उत्तर आलं?

स्वानंदी : 'पुरावा जोडा.'

सुचित्रा : आणि प्रोफेसरांचं?

स्वानंदी : डिफेन्स रद्द. नवी तारीख दिलेली नाही.

सुचित्रा : त्या ऑपरेटरला तरी याचा काही उपयोग?

स्वानंदी : नुसत्या माझ्या शब्दाचा? नाही.

सुचित्रा : निदान ड्रोन तरी बंद ठेवलेत ना?

स्वानंदी : अकरा वाजता पुन्हा सुरू झाले. तो बसस्टॉप टाळून एक गल्ली पलीकडून नेतात.

सुचित्रा : आणि एका माणसाकडे किती?

स्वानंदी : सहा.