कानात सांगायचं नाव

चंदीगडला सेक्टर वीसच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी प्रिंटरची शाई घ्यायला उभा होतो. माझ्यापुढचं मराठी जोडपं हेडसेट पारखत होतं.

"आंटीजी, ये लीजिए. आवाज एकदम साफ."

"भैया, इसमें कानाफूसी सुनाई देगी?"

"कानाफूसी?"

"संडे को टोरांटो में मेरे भतीजे का नामकरण है. हमारे यहाँ बुआ पहले बच्चे के कान में नाम बोलती है. मैं यहीं से बोलूँगी, इंटरनेट पे. अहो, तुम्ही त्या पलीकडच्या कॉम्प्युटरवर बसा आणि तिथला हेडफोन कानाला लावा. मी इथून ह्याच्या माइकमध्ये हळूच एक-दोन म्हणते... आलं ऐकू?"

"नुसता वारा."

"आता हा दुसरा?"

"दोनातला 'न' गेला."

"अय्या, मग नावाचं शेपूट तुटायचं! भैया, वो बड़ावाला दो."

"कांचन, आकडे कसले म्हणतेस? खरं नावच घेऊन बघ की."

"तुमच्या पोटात राहील? दादाचं लग्न ठरलं, तर त्याच्याआधी तुम्हीच साताराभर फोन केलेत!"

"शपथ. गिळून टाकतो."

"बरं, लावा कानाला. कुर्रर्र..."

दोन्ही कान गच्च झाकलेले गृहस्थ आनंदाने ओरडले,

"अथर्व! अगं, अथर्व! अगदी स्वच्छ!"

"बधाई हो जी! बड़ा सोणा नाम है!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"अहो!"

"काय गं? आवाज येतोय ना माझा?"

"येतोय! अख्ख्या चंदीगडला कळलं, आता बाळालाच तेवढं कळायचं राहिलंय. भैया, यही पैक कर दो."