एकवीस रेघा

मार्लिस : ते राहू दे, शेजारचा वेंडल निघाला का तेवढं सांग.

एल्डन : निघाला. फोन ठेवायच्या आतच त्याची ती चार चाकांची फटफटी सुरू झालेली ऐकू आली. कूपर टेकडी गाठायला पाऊण तास. वर बर्फ जास्त असेल तर तास.

मार्लिस : आणि क्रिस्टाचा फोन?

एल्डन : टेकडीमागे आजवर कुणाचा लागलाय? तीनदा केला. निरोप ठेवलाय. तू वरचं वॉशिंग मशीन बंद करून ये आणि इथं बस.

मार्लिस : केलं बंद. टीव्ही बंद केला, कुत्र्याला अंगणात बांधलं. आता मला नीट सांग, एल्डन. मघाशी जिना चढून आलास तेव्हा तुझा चेहरा बघून मला वाटलं, ह्याच्या छातीतच काहीतरी झालं. नुसतं ‘वेंडलचा नंबर दे’ म्हणालास. माझी मुलगी पहाटेपासून डोंगरात आहे, तिच्या हातात बंदूक आहे आणि तिच्या काडतुसांत काहीतरी घोटाळा आहे, इतकंच मला कळलंय. कसला घोटाळा?

एल्डन : हा कागद बघ.

मार्लिस : पेन्सिलीच्या रेघा. तू नेहमी मारतोस त्या.

एल्डन : मोज.

मार्लिस : पाच, दहा, पंधरा, वीस... एकवीस.

एल्डन : काडतुसं भरायच्या रिकाम्या पुंगळ्या वीस होत्या. पुंगळीत एक माप बंदुकीची दारू घातली की एक रेघ. चाळीस वर्षं असंच करतोय. मघाशी टेबल आवरायला खाली आलो, ती परत आल्यावर पसारा दिसायला नको म्हणून, तर हा कागद हातात आला.

मार्लिस : म्हणजे कुठल्या तरी पुंगळीत दोन मापं पडली?

एल्डन : किंवा माप एकच पडलं आणि रेघ दोनदा मारली. मला आठवत नाही.

मार्लिस : दोन मापं पडली असती तर तुला दिसलं नसतं का? तूच सांगायचास, दुप्पट दारू मावतच नाही, टेबलावर सांडते, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही.

एल्डन : ते नेहमीच्या काडतुसांचं. ही हलकी केली होती. तिच्या खांद्याचं ऑपरेशन होऊन चार महिने नाही झाले, धक्का कमी बसावा म्हणून. त्याची दारूच वेगळी, झटक्यात पेटणारी. ती घालायची तळाशी चिमूटभर. दोन काय, तीन मापं घातली तरी वरून पुंगळी रिकामीच दिसते. म्हणून तर गोळी बसवायच्या आधी टॉर्च मारून एकेक बघायची.

मार्लिस : मग मारला होतास ना टॉर्च?

एल्डन : नाही.

मार्लिस : अरे देवा.

एल्डन : तिने विसातली पाच नेली. पंधरा इथं आहेत. सगळ्यांच्या गोळ्या काढून दारू तोलतो. त्या पंधरांत दुप्पट सापडली तर ती सुटली. आता जरा गप्प बस, मला मन लावून करायचंय.

मार्लिस : बसते. तू ठोक.

एल्डन : हे एक. बरोबर आहे.

मार्लिस : गोळी काढायच्या ह्या हातोडीने मला धडकी भरते. काडतूस आत घालून लाकडावर आपटायचं म्हणजे काय.

एल्डन : ह्याने काही होत नाही. दोन. बरोबर.

मार्लिस : एल्डन, तो आवाज ऐकलास?

एल्डन : ऐकला. खालच्या अंगाने आला, नदीकडून. तिचा नव्हे. शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस आहे, दुपारपर्यंत असे शंभर बार ऐकू येतील. प्रत्येकाला दचकलीस तर कसं व्हायचं? तीन. बरोबर.

मार्लिस : मी घाबरले की बोलते, तुला ठाऊक आहे. लग्नाच्या दिवशी पाद्रीबाबांनाही बोलू दिलं नव्हतं मी. तू घाबरलास की दगड होतोस, तसं मला जमत नाही. मला एकच सांग, हे झालं कसं? तू तर दाराच्या मुठीला लाल फडकं बांधून बसतोस. ते बांधलं की मी घरात पाऊलसुद्धा न वाजवता चालते. मिक्सर नाही, नळ नाही. एकदा पाव करपले तरी तुला हाक मारली नव्हती.

एल्डन : चार. बरोबर. गुरुवारीही फडकं बांधलं होतं.

मार्लिस : गुरुवारी?

एल्डन : हो.

मार्लिस : गुरुवारी तर मीच दार वाजवलं.

एल्डन : पाच. बरोबर.

मार्लिस : मीच वाजवलं, एल्डन. तिचा फोन आला, शनिवारी शिकारीला येते म्हणाली, आणि माझ्याने राहवेना. चार वर्षांनी स्वतःहून येतेय पोरगी. फडकं दिसलं होतं मला. फडकं बघत बघत दार वाजवलं मी. म्हणजे हे माझं पाप.

एल्डन : तू दार वाजवलंस. उठलो मी. फोनवर तिच्याशी बोललो, वर बसून तुझ्याबरोबर कॉफी प्यालो, नाक शिंकरलं. मग खाली आलो. नियम काय आहे? मधेच उठलात तर सगळ्या पुंगळ्या पालथ्या करा, दारू डब्यात परत ओता आणि पहिल्यापासून सुरू करा. मी स्वतः किती जणांना शिकवलाय तो नियम. त्या दिवशी म्हटलं, कशाला, आठवतंय मला कुठवर आलो होतो ते. पाय जमिनीवर नव्हते माझे. तिच्यासाठीच भरतोय, लवकर पुरी करावीत असं वाटत होतं. तुझ्या पापाचा ह्यात काही संबंध नाही. सहा. बरोबर.

मार्लिस : शिवाय त्या आनंदात फडकं विसरले मी, वर माझं मशीन धडधडत होतं, टीव्हीवर मॅच चालली होती...

एल्डन : होती. आणि मी ती ऐकत होतो. स्कोर किती झाला ते ऐकत बसलो होतो मी, हातात माप धरून. सांगितलं ना, माझं चुकलं. सात. बरोबर.

मार्लिस : हा आवाज वरून आला.

एल्डन : हो.

मार्लिस : टेकडीवरून आला, एल्डन.

एल्डन : हलक्या काडतुसाचा आवाज इतका मोठा नसतो. दुसरं कुणीतरी असेल.

मार्लिस : आणि दुप्पट दारूचा केवढा असतो?

एल्डन : बस खाली. मार्लिस, बस. तू जिन्यात जाऊन उभी राहिलीस तरी इथनं टेकडी दिसत नाही. मला मदत कर. मी ओततो, तू काटा वाच. रेघेवर थांबला तर ‘बरोबर’ म्हण. त्याहून जास्त एक अक्षर नको. आठ.

मार्लिस : बरोबर.

एल्डन : नऊ.

मार्लिस : बरोबर. देवा, पुढची तरी चुकीची निघू दे. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याची चूक निघावी म्हणून प्रार्थना करतेय मी. एरवी न मागता निघतात.

एल्डन : दहा.

मार्लिस : बरोबर.

एल्डन : अकरा.

मार्लिस : बरोबर. एल्डन, एक ऐकशील? सापडली किंवा नाही सापडली तरी तिला हे सांगायचं नाही. वेंडलला म्हणू, तुझ्या आईला चक्कर आली म्हणून बोलावलं असं सांग तिला.

एल्डन : नाही.

मार्लिस : ऐक तर. चार वर्षांपूर्वी ह्याच टेबलाशी तुम्ही भांडलात. ती म्हणाली, ‘बाबा, तुझं आता लक्ष राहत नाही, हे भरणं सोड.’ तू म्हणालास, ज्याला माझ्या हातावर भरवसा नाही त्याने माझ्या घरात पाय ठेवू नये. तिने नाही ठेवला. चार नाताळ, सगळे वाढदिवस, माझं डोळ्याचं ऑपरेशन, कशालाच आली नाही. मी तुमच्या दोघांच्या मधे चेंडूसारखी. आता हे कळलं तर ती पुन्हा यायची नाही.

एल्डन : पहाटे तू झोपली होतीस. मी तिच्यापुढे डबी ठेवली. म्हटलं, दुकानातलीही आणून ठेवलीत, हवी ती घे. तिने दुकानातल्या खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी पाच उचलली, खिशात टाकली आणि म्हणाली, ‘संध्याकाळी हरणाचं मटण खायचं आपण.’ बस, इतकंच. माफी नाही, काही नाही. मला इतकं बरं वाटलं की दार लावून घेतलं आणि परत जाऊन निवांत झोपलो. ती टेकडी चढत होती आणि मी झोपलो होतो, मार्लिस. मी तिला खोटं सांगणार नाही. बारा.

मार्लिस : बरोबर.

एल्डन : तेरा.

मार्लिस : बरोबर.

एल्डन : चौदा.

मार्लिस : काटा हलतोय. थांब. नाही... बरोबर.

एल्डन : पंधरा.

मार्लिस : पुन्हा ओत.

एल्डन : आधी वाच.

मार्लिस : बरोबर आहे. पुन्हा ओत, एल्डन. पुन्हा तोल ना.

एल्डन : बरोबरच येणार. इथं नाही ती.

मार्लिस : मग रेघच जास्तीची असेल. तसंच असेल. तू म्हणालास ना, रेघ दोनदा मारली असेल.

एल्डन : असेल.

मार्लिस : माझ्याकडे बघून म्हण.

एल्डन : हात दे इकडे. किती गार पडलेत. बस अशीच. आता आपल्या हातात काही नाही.

(बऱ्याच वेळाने वरचं दार आपटतं. जिन्यावर जड बूट वाजतात.)

क्रिस्टा : त्या वेंडलला घरात घेऊ नका, सांगून ठेवते. बर्फ झटकत नाही मी, राग आलाय मला.

मार्लिस : क्रिस्टा. बाळा, इकडे ये. हात दाखव. डोळे दाखव बघू.

क्रिस्टा : आई, काय चाललंय? सोड, भिजशील. तुला काही झालंय का? तो गाढव मला काही सांगेना, नुसतं ‘बंदूक रिकामी कर, बंदूक रिकामी कर’ करत होता. बाबा, मी पहाटेपासून त्या पडलेल्या देवदाराआड बसलेय. पायाला मुंग्या आल्या, नाक गळायला लागलं, पण हलले नाही. आणि आला. एवढा मोठा हरणाचा नर मी तुझ्याबरोबर असतानाही कधी पाहिला नव्हता. आडवा उभा राहिला, शंभर पावलांवर. मी श्वास धरला, बोट चापावर ठेवलं, आणि खालून ते भंगार आलं. फट फट फट फट. वर तो माझ्या नावाने बोंबलतोय, हॉर्न मारतोय. नर गेला उधळून. मी वेंडलला म्हटलं, सत्तरी आली, अक्कल कधी येणार? अजून पुष्कळ म्हटलं. आईसमोर सांगत नाही.

एल्डन : गोळी सुटली नाही ना? एकही नाही?

क्रिस्टा : कुठली सुटतेय. ही घे तुझी पाचही.

एल्डन : नळीत कुठलं होतं?

क्रिस्टा : हे, ओलं झालेलं. काडतूस काढायला बंदुकीचा बोल्ट ओढला तेव्हा बर्फात पडलं होतं, म्हणून वेगळ्या खिशात टाकलं. का?

मार्लिस : एल्डन, ते नदीत टाक. उघडू नकोस. ती आली ना घरी, मग कशाला उघडायचं?

एल्डन : क्रिस्टा, बस. गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी हीच भरत होतो. मधे उठलो. परत आल्यावर पहिल्यापासून केलं नाही, टॉर्च मारून बघितलं नाही. पुंगळ्या वीस आणि दारू एकवीस मापं, असं आज सकाळी कळलं. पंधरा तपासली, ती बरोबर आहेत. वेंडलला मी धाडलं. त्याला म्हटलं होतं, दुरूनच जमेल तेवढा गोंगाट कर, तिला नेम धरू देऊ नकोस.

क्रिस्टा : तपास की मग. ही चार आधी.

एल्डन : काटा वाच, मार्लिस.

मार्लिस : बरोबर. बरोबर. हेही बरोबर. चौथं... बरोबर.

क्रिस्टा : आता हे.

मार्लिस : काटा वर गेला. वरच राहिला. मी नाही वाचत, तुम्ही वाचा.

क्रिस्टा : दुप्पट आहे.

एल्डन : हो.

क्रिस्टा : काय झालं असतं, बाबा?

एल्डन : बोल्ट तुझ्या गालाशीच असतो. नळी फुटून तो तुझ्या तोंडावर आला असता.

मार्लिस : एक शब्द बोलू नकोस त्याला, क्रिस्टा. दोन तास मी ह्याच्याकडे बघत होते. तू बोलशील त्याहून जास्त त्याने स्वतःला मनात बोलून घेतलंय.

एल्डन : बोलू दे तिला. तू चार वर्षांपूर्वी सांगितलं होतंस, पोरी. मला ऐकायचं नव्हतं. हे काडतुसं भरायचं यंत्र, तराजू, दारूचे डबे, सगळं तुझ्या गाडीत टाक. आज मी ह्या टेबलाशी शेवटचं बसलोय.

क्रिस्टा : बाबा, ती दारू आधी डब्यात परत ओत.

एल्डन : ओततो, तू ते ओले बूट काढ.

क्रिस्टा : हो. काढते.

मार्लिस : मी कॉफी ठेवते. तुम्ही दोघं वर चला. मला आता ही खोली नको.

क्रिस्टा : सामान उद्या उचलू, बाबा. मी उद्याही आहे. आई, वेंडल गेला का?

मार्लिस : अंगणातच आहे. त्या फटफटीवर बसलाय, टोपी हातात घेऊन. आत यायला घाबरतोय.

क्रिस्टा : कप चार काढ. त्याची माफी मागून येते. ह्या वेळी चार वर्षं नाही लावत.