कडबाकुट्टीवर फोडलेला नारळ

आता पुन्यांदा कशाला सांगाय लावता मला? हसायलाच बसलात सगळे, ठावं हाय! बरं, ऐका. तुमाला सांगतो, लोहाऱ्याच्या शंभुलिंगाकडनं म्या जुनी कडबाकुट्टी घेतली, वैरण बारीक करायची, मोटारीवरची. जुन्या मशिनी रंगवून इकायच्या, रोजचा धंदाच हाय त्याचा. त्यानं कुकू लावलं, नारळ फोडला, म्या टेंपोत घातली. घरी आणून बटन दाबलं अन्... अगागा! असा झटका बसला, पार गव्हाणीत जाऊन पडलो! म्हस बिचारी बाजूला सरकली. पर आमची कारभारीण, गौराबाई? "साधं बटन दाबता येत न्हाय ह्यायला! हात लावला की इस्कोट!" गल्लीभर सांगत सुटली की!

आता चूक माझी का मशिनीची? गेलो शंभुलिंगाकडं. पान चघळत म्हणतो, "अप्पा, जुन्या मालाची जबाबदारी न्हाय." आरं, म्या काय पाव्हण्याकडनं मागून आणली व्हय? दुकानातनं घेतली! "ते खरं हाय अप्पा, पर जुन्या मालाची जबाबदारी न्हाय."

सून माझी, श्रीदेवी, शिकल्याली. पावती वाचून म्हणली, "मामा, हितं तर लिवलंय, तपासून, दुरुस्त करून दिली!" तिनंच अर्ज केला. गेलो धाराशिवला, ग्राहकाच्या कोर्टात, धुतला पटका बांधून. तिथंबी शंभुलिंगाचं तेच, "मॅडम, जुन्या मालाची..." जज मॅडम म्हणल्या, "तपासून दिली म्हणता, मग करंट कुठून आला?" त्यो माझ्याकडं बोट करून, "ह्यांनीच मोटारीत पाणी घातलं आसंल!"

पाणी? माझं डोस्कंच फिरलं! म्या वरडलो, "आरं, मोटारीवर नारळ कुणी फोडला रं?"

गडी छाती फुगवून उठला. "म्याच फोडला! मोटारीवर नारळ फोडल्याबिगर माझ्या दुकानातनं एक मशीन भायेर जात न्हाय!"

...त्याच्याच वकिलानं कपाळाला हात लावला.

निकाल आपल्या बाजूनं! नवी कोरी मशीन आली दारात. शंभुलिंग लई वाईट न्हाय बघा, सगळ्यांदेखत हात जोडून म्हणला, "चुकलं अप्पा." मिटलं त्याचं. पर वरीसभर मला येड्यात काढल्यालं कोण भरून देणार? निकालाचा कागद चुलीपुढं धरून दाखविला, तर म्हणती, "सरका तिकडं. अन् नव्या मशिनीला हात लावू नगा!" आता हिच्यावर कुठल्या कोर्टात अर्ज करू, सांगा? माझी माफी मागायचं एकच माणूस राहिलंय, अन् ते काय ह्या जल्मात मागत न्हाय... आमची गौराबाई!