सरांच्या लॉनची खुरपणी

आमच्या शेजारच्या सरांच्या लॉनचं सांगितलं का तुम्हाला? थंडीच्या आधी शेणखत पसरलं की लॉन हिवाळ्यात पिवळी पडत नाही, असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं. पोरीला बघायला उमापूरचे पाहुणे येणार होते, म्हणून लॉन हिरवीगारच पाहिजे होती. खत मी दिलं, आमच्या गोठ्यातलं. त्यात खळ्यावरचा केरही होता, हे काही मी बोलले नाही.

पंधरा दिवसांत लॉनमधून ज्वारी वर आली. सर खूश! "वहिनी, खत लागलं बघा, कसे जोमदार कोंब फुटलेत!"

खत माझंच, मग मी कशाला तोंड उघडू?

पाहुणे आले. पुरुष आत पोहे खात बसले. मुलाची आई अन् तिची जाऊ अंगणात आल्या. त्यांच्या लेखी लॉन म्हणजे रानातली हरळीच. आईनं कपाळाला हात लावला. "ज्वारी ब्येस हाय, पन हरळी किती माजलीय! खुरपं हाय का वो?"

मी भिंतीवरून लगेच दोन दिली.

सर बाहेर आले तोवर अर्धी लॉन उपटून गेटजवळ ढीग लागला होता. ज्वारी तेवढी ऐटीत उभी. सर धावत ढिगाकडे गेले.

"लाजू नका भाऊ," विहीणबाई हात झटकत म्हणाल्या, "नोकरदार मानसाला कुठं येळ असतो? पोरगी पसंत हाय आमाला. राह्यलेली हरळी साखरपुड्याला आलो की काढू."