शून्य खर्चाचं काम

रहिमतपूरच्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर एक तरुण इंजिनियर बसला होता. कोरेगावात चढलेला म्हातारा नेमका त्याच्याच शेजारी टेकला.

"भाऊसो तात्या, तुमी हितं कसं? आज पाण्याच्या पायपाच्या चरीला लाकडाचा आधार लावायचा हुता न्हवं?"

"मला कुनी बोलावलंच न्हाई. लाकडं अजून दारात पडल्यात."

"आवं, मी सॉफ्टवेअरमधी टाकलंय की! आधी खुदाई, मग आधार, मगच पायपाला माणसं उतरवायची."

"मुकादम म्हनला, मोबाईलात आधाराचं काम दिसतच न्हाई."

"थांबा, बघतो. तात्या, त्या कामाचा खर्च किती लावू इचारलं, तवा तुमी काय म्हनलासा?"

"गावच्या पाण्याचं काम. त्याचं पैसं कसलं घ्यायचं रं?"

"म्हनून मी शून्य टाकलं. आन् शून्य खर्चाचं काम ह्या सॉफ्टवेअरनं यादीतनंच काढलंय."

"मग खुदाईनंतर काय दिसतंय?"

"पायपा. सकाळीच चालू झाल्यात."

"आधाराबिगर? दोन पुरुष खोल चरी हाय ती! माती लय भुसभुशीत हाय गड्या. कोन उतरलंय?"

"हजेरी उघडतो, तात्या."

"इंद्रजित, कोन उतरलंय आत?"

"हजेरीत तुमच्या नातवाचं, ऋषिराजचं नाव हाय."

"फोन लाव त्याला."

"लावला. लागत न्हाई. खाली रेंज नसती."

"मग वर हुबा असतोय त्या मुकादमाला लाव."

"त्यालाच लावतोय कवापास्नं. रिंग जातीया तात्या, पर वरचंबी कुनी उचलंना."