बाबांची डिक्शनरी

हसू नका, पण बाबा गेल्यावरही आमच्या गॅलरीतला दिवा रोज पहाटे आपोआप लागायचा.

घरातल्या दिव्या-पंख्यांचा प्रोग्राम मीच लिहिलाय. प्रत्येकाच्या सवयींची एक डिक्शनरी, म्हणजे यादी, आणि त्या एकामागे एक जोडलेल्या. आधी माझ्यात शोधायचं, तिथे नसलं तर बायकोच्या, मग बाबांच्या. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या पहिल्या पाळीची सवय बाबांना निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. म्हणून त्यांच्यात लिहिलेलं होतं, गॅलरीतला दिवा पहाटे चालू. आमच्या दोघांच्यात दिव्याचं काहीच नव्हतं, त्यामुळे शोध थेट त्यांच्यापर्यंत जायचा.

"अरे, मग पुसून टाक ना ते," बायको म्हणाली.

बाबांचं काही पुसवेना. मी माझ्याच डिक्शनरीत त्या दिव्यापुढे 'बंद' लिहून ठेवलं. आधीच्यात सापडलं की प्रोग्राम पुढच्यात बघतच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर आई चहाचा कप घेऊन गॅलरीत, अंधारात उभी. अर्धवट झोपेत मला म्हणाली, "आज ह्यांनी दिवा नाही रे लावला?"

मी आत जाऊन गुपचूप माझी ओळ खोडली. दिवा लागला.

बाहेरून आईचा आवाज आला, "आज उशीर झाला हो तुम्हाला."